खुळखुळणाऱ्या पिस्तुलाची बाजू

महागड्या पिस्तुलांचे रिव्ह्यू ज्यांच्या फीडमध्ये येतात त्यांना हा विधी माहीत असेल. रिव्ह्यूवाला पिस्तूल हातात घेतो, रिकामं आहे याची खात्री करतो. मग एका हातात खालची फ्रेम आणि दुसऱ्या हातात वरची स्लाइड धरून तिला डावी-उजवीकडे ढकलून बघतो. स्लाइड जागची हलत नाही. तो कौतुकानं मान डोलावतो. मग पिस्तूल माइकजवळ नेऊन बाळाच्या खुळखुळ्यासारखं हलवतो. आवाज येत नाही. झालं, निकाल लागला. अजून एकही गोळी झाडलेली नाही, पण पिस्तुलाची किंमत साडेतीन हजार डॉलर का आहे हे म्हणे आपल्याला कळलं.

माझं भांडण या विधीशी आहे. स्लाइड आणि फ्रेम यांच्यात फट किती कमी, त्यावर कस्टम पिस्तुलाचा दर्जा ठरवणं हा यांत्रिक अडाणीपणा आहे. हाताला जाणवणारी गोष्ट आणि कामाची गोष्ट यांची त्यात गल्लत आहे, आणि त्या गल्लतीवर एक अख्खा बाजार उभा आहे.

आधी एक सांगून टाकतो, नाहीतर कमेंटमध्ये पहिला प्रश्न तोच येईल. माझ्याकडे शस्त्राचा परवाना नाही आणि मला तो नकोही आहे. पिस्तूल हे माणसाला इजा करण्यासाठी बनलेलं यंत्र आहे, हे विसरून मी त्याच्या प्रेमात पडलेलो नाही. माझी डिग्री मेकॅनिकलची आणि पोट कोडवर चालतं, म्हणजे पुण्यातल्या निम्म्या मेकॅनिकलवाल्यांसारखाच. पण इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत जो विषय सगळ्यात रटाळ म्हणून आम्ही रट्टा मारून काढला, तो फिट्स आणि टॉलरन्सेसचा, तो मला जिवंत दिसला तो पिस्तुलाच्या या दोन तुकड्यांत. एच-सात, जी-सहा अशी जी कोष्टकं परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केली होती, त्यांच्यावरून इथं माणसं एकमेकांची डोकी फोडायला निघतात. याचं मला अजूनही नवल वाटतं.

ज्यांना पिस्तुलाची रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हातात धरतो तो खालचा भाग म्हणजे फ्रेम. मॅगझिन, चाप, घोडा सगळं तिच्यात. वरचा लांबट पोलादी भाग म्हणजे स्लाइड. गोळी सुटली की धक्क्यानं स्लाइड मागे जाते, रिकामं काडतूस बाहेर फेकते, स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत ढकलते. हे मागे-पुढे जाणं रेलवर होतं. फ्रेमला दोन कडा आणि स्लाइडला आतून दोन खाचा, किंवा उलटं. घरातल्या टेबलाचा ड्रॉवर डोळ्यांपुढे आणा, पुरे. ड्रॉवर सरकायचा तर फट हवीच. प्रश्न एवढाच की किती.

इथली मोजपट्टी थाऊची. आपल्याकडच्या शॉपमध्येही जुने कारागीर अजून थाऊतच बोलतात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सुमारे पंचवीस मायक्रॉन, डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. लष्करी साच्याच्या जुन्या १९११ पिस्तुलात ही फट काही थाऊंची असते. हौशी कस्टमवाले ती एका थाऊपर्यंत किंवा त्याहूनही खाली आणतात. हा फरक हाताला लगेच कळतो. आपली बोटं या बाबतीत अतिशय हुशार आहेत, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

सगळे कस्टमवाले एकाच माळेचे मणी नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. लेस बेअरचं नवं पिस्तूल इतकं घट्ट असतं की पहिल्यांदा स्लाइड ओढताना भल्याभल्यांची दमछाक होते. बिल विल्सन मूळचा घड्याळजी. १९७७ साली आर्कान्सामधल्या बेरीव्हिल गावात, घरच्या दागिन्यांच्या दुकानाच्या मागल्या भागात त्यानं पिस्तुलं दुरुस्त करायला सुरुवात केली. विल्सन कॉम्बॅटच्या पिस्तुलांचा हात घट्टपेक्षा गुळगुळीत लागतो. त्याच गावात २००४ साली निघालेली नाइटहॉक कस्टम म्हणते की एक पिस्तूल पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच कारागीर बनवतो, आणि ग्रिपच्या पट्टीखाली त्याची आद्याक्षरं ठोकलेली असतात. पेनसिल्व्हेनियाची कॅबट गन्स विमान-उद्योगाच्या अचूकतेची भाषा बोलते. या कंपनीनं उल्केच्या तुकड्यापासूनही पिस्तुलांची जोडी बनवली आहे. यावर माझ्याकडे प्रतिक्रिया नाही.

तर घट्ट आणि गुळगुळीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा पहिला मुद्दा. रेलचा पृष्ठभाग सपाट असेल, कडा समांतर असतील, स्पर्श पूर्ण लांबीवर सारखा होत असेल, तर तीन थाऊची फट असूनही स्लाइड लोण्यासारखी जाते. उलट वेड्यावाकड्या रेल एका थाऊवर आणून बसवल्या तर सुरुवातीला घट्ट लागतात आणि मग उंचवटे झिजले की एकदम सैल होतात. फर्स्ट इयरला फिटिंग शॉपमध्ये ज्यांनी कानस चालवून ‘मेल-फीमेल’ जॉब केलाय, त्यांना हे हातानं माहीत आहे. दोन तुकडे एकमेकांत गच्च बसले की पोरं खूश व्हायची. मग आमचे इन्स्ट्रक्टर मार्किंग ब्लू लावून तुकडे पुन्हा बसवायला सांगायचे. निळा रंग दोन टोकांना तेवढा खरवडलेला दिसायचा. मधे सगळी पोकळी. गच्चपणा दोन ठिपक्यांवर उभा असायचा.

आता खऱ्या प्रश्नाकडे. स्लाइड घट्ट केली की नेम सुधारतो का?

यंत्रात चूक कुठून कुठे पोचते ते बघायचं असेल तर साखळी काढायची असते. कोणता भाग कोणत्या भागावर टेकतो, आणि शेवटी मला कोणत्या दोन गोष्टी एकमेकींच्या सापेक्ष स्थिर हव्या आहेत? पिस्तुलात त्या दोन गोष्टी म्हणजे नळी आणि साइट्स, म्हणजे पुढची माशी आणि मागची खाच. मी माशी-खाच जुळवून लक्ष्यावर धरतो. नळीचं तोंड दर वेळी त्या रेषेशी तोच कोन करत असेल, तर गोळी दर वेळी तिथंच जाईल. साइट्स कुठे बसवलेल्या आहेत? स्लाइडवर. नळी गोळी सुटताना कशाला अडकलेली असते? पुढे बुशिंगला, वर स्लाइडच्या आतल्या खाचांना. म्हणजे पुन्हा स्लाइडलाच. या साखळीत फ्रेम आली कुठे? फ्रेम म्हणजे मूठ. स्लाइड फ्रेमवर दोन थाऊ डावीकडे झुकली तर माशी, खाच आणि नळी तिघं मिळून झुकतात. मी डोळ्यानं पुन्हा जुळवून घेतो, कारण मी मुठीकडे बघून नेम धरत नाही.

आता दुसरी फट घ्या. १९११ ची नळी पाच इंचांची. तिचं मागचं टोक जागेवर राहिलं आणि पुढचं तोंड बुशिंगमध्ये फक्त एक थाऊ सरकलं, तर पन्नास यार्डांवर, म्हणजे अठराशे इंचांवर, ती चूक ३६० पट होते. नऊ मिलिमीटर. अमेरिकेतल्या बुल्सआय स्पर्धेत पन्नास यार्डांवरच्या टार्गेटचं दहा गुणांचं वर्तुळ ३.३६ इंचांचं, म्हणजे ८५ मिलिमीटरच्या आसपासचं असतं. बुशिंगमध्ये चार-पाच थाऊ खेळ असला की त्या वर्तुळाचा निम्मा भाग यंत्रानंच खाल्ला, नेमबाजाचा हात, श्वास, चाप अजून बाकीच आहे. नळीचं कुलूप बसणं, मागच्या टोकाचा हूड, खाचांतला मेळ, बुशिंग हे सगळं नेमाच्या हिशेबात थेट उतरतं. पण बंद पिस्तुलात ते बोटांना सहसा जाणवत नाही आणि माइकला ऐकू येत नाही. म्हणून त्याचा व्हिडिओ होत नाही.

घट्ट पंथाची सगळ्यात मजबूत बाजूही मीच मांडतो, कारण ते स्वतः ती मांडताना मला दिसत नाहीत. १९११ मध्ये नळीच्या खालच्या पायांना वर उचलून धरणारी पिन फ्रेममधून आरपार जाते. म्हणजे नळीचं मागचं टोक वरून स्लाइडला आणि खालून फ्रेमला अशा दोघांना टेकलेलं असतं. स्लाइड वर-खाली सैल असेल तर पिन नळीला वर ढकलते, नळी स्लाइडला वर ढकलते, आणि कुलूप दर वेळी थोड्या वेगळ्या जोरानं बसू शकतं. ही तक्रार खरी आहे. म्हणून जाणता कारागीर आडव्या खेळापेक्षा उभ्या खेळाची जास्त काळजी करतो. आणि रिव्ह्यूवाला काय हलवून बघतो? डावीकडे-उजवीकडे. चुकीची फटसुद्धा चुकीच्या दिशेनं मोजली जाते.

मग ही घट्टाईची चाल आली कुठून? ती मूर्खपणातून आलेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लष्करी पिस्तुलं ढिगानं होती, आणि ओहायोतल्या कॅम्प पेरीला राष्ट्रीय स्पर्धा भरायच्या. पन्नास यार्डांवर एका हातानं नेम. लष्कराचे आर्मरर आणि लुइझियानाचा जिम क्लार्क, कॅलिफोर्नियाचा आर्मंड स्वेन्सन यांच्यासारखे कारागीर हीच जुनी पिस्तुलं घेऊन बसत. त्या काळच्या गनस्मिथची रीत अशी: फ्रेमच्या रेल हातोडीनं ठोकून खाली दाबायच्या, स्लाइड व्हाइसमध्ये आवळून तिची रुंदी किंचित कमी करायची, मग दोन्हींमध्ये लॅपिंग पेस्ट लावून हातानं मागे-पुढे घासत राहायचं. तासन् तास. इंजिनचे व्हॉल्व्ह बसवताना गॅरेजमध्ये जी करड्या रंगाची पेस्ट लावून घासतात, साधारण तोच प्रकार. सोबत नवं बुशिंग, नवी किंवा वेल्डिंगचा थर देऊन भरलेली नळी, नवा चाप. ही सगळी कामं एकत्र व्हायची, आणि पिस्तूल सुधारायचं. सुधारणेचं श्रेय कोणाला मिळालं? हाताला जे पहिल्यांदा जाणवलं त्याला.

शिवाय मोजायच्या यंत्रानंही हातभार लावला. पिस्तुलाची अचूकता माणसाचा हात वगळून मोजायची तर ते रॅन्सम रेस्टसारख्या शिकंज्यात पकडतात. तो पकडतो फ्रेमला. माशी-खाच कोणी बघतच नाही. साहजिकच इथं फ्रेम साखळीत शिरते, आणि हातानं नेम धरताना निरुपद्रवी असलेली फट कागदावर भोकांच्या रूपात पसरते. शिकंज्याचा निकाल खोटा नसतो, पण तो वेगळ्याच प्रश्नाचा निकाल असतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले या आजाराला चांगले ओळखतो. टेस्ट पास होण्यासाठी लिहिलेला कोड रोज बघतो.

जिथं फ्रेम खरोखरच साखळीत असते तिथं घट्ट बसवणं मला मान्य आहे. वेगवान स्पर्धांच्या ओपन गटात दुर्बीण किंवा रेड डॉट फ्रेमला पट्टी लावून बसवायची पद्धत आहे. डॉट फ्रेमवर, नळी स्लाइडमध्ये, मग त्या दोघांतला खेळ म्हणजे नेमातली चूक. तिथं कारागिरानं एक थाऊसाठी जीव काढावा, आणि पैसेही घ्यावेत. गंमत म्हणजे अलीकडे बहुतेक पिस्तुलांवर रेड डॉट थेट स्लाइडवरच बसतो. म्हणजे फ्रेम पुन्हा साखळीबाहेर गेली. घट्टाईची गरज कमी झाली, कौतुक मात्र वाढलं.

आणि ज्यांना निव्वळ अचूकताच हवी होती त्यांनी हा वादच निकालात काढला. ऑलिम्पिकच्या पंचवीस मीटर प्रकारात जी पॉइंट २२ ची पिस्तुलं वापरतात, पार्डिनीसारखी, त्यांत नळी फ्रेमला पक्की असते आणि मागे फक्त छोटा बोल्ट सरकतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते याच पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात. तिथं स्लाइड हलवून, कानाशी धरून कोणी काही ठरवत नाही.

आता लेस बेअरच्या घट्टाईकडे परत येतो, कारण तिच्यात मला एक विनोद दिसतो. कंपनी स्वतः सांगते की पहिल्या पाचशे गोळ्या ‘ब्रेक-इन’साठी झाडा. म्हणजे काय? दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासून बसू द्या. कारागिरानं घासायचं थांबवलं तिथून पुढचं घासणं ग्राहकानं स्वतःच्या काडतुसांच्या पैशानं करायचं, आणि त्यानंतर पिस्तूल नीट चालू लागलं की ‘आता कसं मस्त बसलं’ म्हणायचं. ज्या घट्टाईचे पैसे दिले तीच पैसे देऊन उतरवायची! बेअरवर मात्र मी अन्याय करणार नाही. ही कंपनी पन्नास यार्डांवर तीन इंचांची, आणि जास्त पैसे मोजल्यास दीड इंचाची हमी देते. हमी कागदावरच्या भोकांची आहे. रेलच्या आवाजाची नाही. विकणाऱ्याला काय मोजायचं ते ठाऊक आहे. बघणाऱ्याला नाही.

इथं दुसऱ्या पंथाचे लोक टाळ्या वाजवायला लागले असतील, म्हणून त्यांचंही घेऊ. ‘सैल असतं तेच चालतं, खऱ्या लढाईतलं पिस्तूल खुळखुळतंच’ असं म्हणणारे हे लोक. त्यांचा पुरावा म्हणजे आजोबांच्या पिढीतली लष्करी १९११. पण ती खुळखुळणारी पिस्तुलं युद्धातून, चिखलातून, दोन-तीनदा डेपोतल्या दुरुस्तीतून आणि मिसळलेल्या सुट्या भागांतून आलेली होती. त्यांचा आवाज म्हणजे त्यांचं वय. जॉन ब्राउनिंगच्या पिस्तुलानं मार्च १९११ मध्ये अमेरिकी लष्कराची सहा हजार गोळ्यांची चाचणी एकदाही न अडता पार केली. दर शंभर गोळ्यांनंतर पाच मिनिटं थंड होऊ द्यायचं आणि पुढे. ते नवं कोरं पिस्तूल होतं, झिजून सैल झालेलं नव्हतं. पिस्तूल अडकतं ते बहुतेक वेळा मॅगझिनच्या ओठांमुळे, रिकामं काडतूस ओढणाऱ्या आकड्यामुळे, नळीच्या तोंडाशी असलेल्या उतारामुळे. फटीचं काम एवढंच की वाळू, काजळी, घट्ट झालेलं तेल यांना जायला जागा मिळावी आणि स्प्रिंगचा जोर घर्षणात संपू नये. त्यासाठी पुरेशी फट हवी. पुरेशीपेक्षा जास्त फटीनं पिस्तूल अधिक शूर होत नाही.

कामानिमित्त मी दीड वर्ष चेक प्रजासत्ताकात ब्रनोला होतो. तिथल्या रेंजवर देखरेखीखाली भाड्यानं पिस्तूल चालवता येतं. हातात आलं ते साहजिकच सीझेड ७५, कोउत्स्की बंधूंचं डिझाइन. भाड्याचं पिस्तूल म्हणजे शाळेतलं डस्टर, हजारो हातांतून गेलेलं. हलवलं की चक्क वाजायचं. सीझेडची रचना मात्र मजेची आहे. तिथं स्लाइड फ्रेमच्या आतून धावते, कडा बाहेरून तिला कवेत घेतात आणि रेलची लांबी भरपूर असते. स्विस लष्करानं १९४९ मध्ये घेतलेल्या सिग पी-२१० मध्येही हीच पद्धत, आणि ते पिस्तूल अचूकतेसाठी आजही नावाजलेलं. इथं भूमिती बघा. स्लाइड किती डुगडुगते हे निव्वळ फटीवर ठरत नाही, फट भागिले रेलची लांबी यावर ठरतं. आखूड रेल आणि दोन थाऊ फट, किंवा दुप्पट लांब रेल आणि चार थाऊ फट, तिरकेपणा तेवढाच. जुन्या लाकडी कपाटातला लांब ड्रॉवर सैल असूनही सरळ जातो आणि आखूड ड्रॉवर घट्ट असूनही तिरका होऊन अडकतो, ते याचमुळे. ब्रनोतल्या त्या वाजणाऱ्या पिस्तुलानं आमच्या इन्स्ट्रक्टरनं पंचवीस मीटरवर पाच गोळ्या मारल्या. पाचही भोकं माझ्या तळहाताखाली झाकली गेली. मी मारलेल्या पाच झाकायला टेबलक्लॉथ लागला असता. पिस्तूल तेच.

ग्लॉकचं तर काय सांगावं. प्लास्टिकची फ्रेम, तिच्यात ओतताना बसवलेले धातूच्या रेलचे चार छोटे तुकडे, त्यावर पोलादी स्लाइड. फट ढळढळीत. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या लष्करानं घेतलं आणि मग जगभरच्या पोलिसांनी. कस्टमवाल्यांच्या दृष्टीनं ही फ्रेम म्हणजे खेळणं. पण साखळी काढून बघा, नळीचं कुलूप स्लाइडमध्ये, साइट्स स्लाइडवर, मूठ मूठीच्या जागी. गॅस्टन ग्लॉकनं जिथं खर्च करायला हवा तिथं केला, जिथं नको तिथं वाचवला. मी याला हुशारी म्हणतो. व्हिडिओवाले ‘फील नाही’ म्हणतात.

या घट्टाईची एक किंमत बिलात दिसत नाही. तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त राग आहे.

हातानं घासून बसवलेली स्लाइड फक्त त्याच फ्रेमवर बसते. तिला तडा गेला तर कपाटातून दुसरी काढून बसवता येत नाही. पिस्तूल कारागिराकडे जातं, तो पुन्हा घासतो. आमच्या धंद्यात दोन मोड्यूल असे एकमेकांना चिकटवले तर कोड रिव्ह्यूत शिव्या बसतात. इथं त्यालाच कलाकुसर म्हणतात. माणसानं हा लग्नगाठीचा प्रकार मोडून काढायला शे-दीडशे वर्षं घालवली, आणि गंमत अशी की तो मोडला बंदुकांनीच. १७८५ साली पॅरिसमध्ये ओनोरे ब्लां यानं बंदुकीच्या पन्नास चापयंत्रांचे सुटे भाग खोक्यांत वेगवेगळे ठेवले होते. अमेरिकेचा तिथला वकील थॉमस जेफरसन यानं हाताला येतील ते तुकडे उचलून स्वतः काही यंत्रं जुळवली आणि थक्क होऊन मायदेशी पत्र लिहिलं. कोणताही तुकडा कोणत्याही तुकड्याशी जुळतो, हा तेव्हा चमत्कार होता. दुसऱ्या महायुद्धात त्याच चमत्काराची सवय झाली होती. १९११ ची सुधारित आवृत्ती कोल्टसोबत इथाका बनवत होती, रेल्वेचे सिग्नल बनवणारी युनियन स्विच अँड सिग्नल बनवत होती, शिलाई मशीनवाल्या सिंगरनं पाचशे बनवली, आणि सगळ्यात जास्त, जवळपास नऊ लाख, बनवली टाइपरायटरवाल्या रेमिंग्टन रँडनं. हो, ज्यांच्या नावाच्या कीबोर्डवर आपल्याकडे पोरं अजून मराठी टायपिंगची परीक्षा देतात तेच रेमिंग्टन. एका कारखान्याची स्लाइड दुसऱ्याच्या फ्रेमवर बसली पाहिजे, ही अट होती. त्यासाठी फट हवी होती. ती फट म्हणजे ढिलाई नव्हती. हजारो मैलांवरच्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या कामगारांमधला तो करार होता.

माझे मामा भोसरीतल्या एका शॉपमध्ये तपासणीला होते. त्यांच्या टेबलावर गो आणि नो-गो गेज असायचं. एक बाजू आत गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये, एवढंच. दिवसाला शेकडो तुकडे. त्यातला कोणता तुकडा कोणत्या गाडीत गेला हे त्यांना कधी कळलं नाही आणि कळायची गरजही नव्हती, तेच तर काम होतं. त्यांची आद्याक्षरं कशावरही ठोकलेली नाहीत. हाताची कलाकुसर, एक माणूस एक वस्तू, हे वाचायला गोड लागतं, साहित्याच्या वेबझीनवर तर फारच. पण दहा हजार तुकडे ठरलेल्या तीन थाऊंच्या आत ठेवणं हे एक तुकडा एका थाऊवर घासण्यापेक्षा अवघड आहे, आणि ते करणाऱ्याला आपण ‘मास प्रॉडक्शन’ म्हणून हलकं लेखतो. कस्टम पिस्तुलाच्या कारागिराबद्दल मला आदर आहे. त्याच्या नळीच्या कामाबद्दल, चापाच्या कामाबद्दल तर नक्कीच. मला चीड येते ती त्याच्या कामातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग उचलून त्याची पूजा करणाऱ्यांची.

कोणी म्हणेल, लोकांना घट्ट स्लाइडचा आनंद मिळतो, त्यांचे पैसे, तुझं काय जातं? आनंदाला माझी हरकत नाही. यांत्रिक घड्याळ क्वार्ट्झपेक्षा जास्त चुकतं, तरी लोक ते घालतात आणि ‘मला आवडतं’ म्हणतात. तसं म्हणा. पण घट्ट स्लाइडवाला ‘मला आवडतं’ म्हणत नाही. तो म्हणतो ‘हे जास्त अचूक आहे, जास्त भरवशाचं आहे’, आणि हे दोन्ही मोजता येणारे दावे आहेत. जीव वाचवायचा म्हणून कमरेला लावलेल्या यंत्राबद्दलचे दावे आहेत. ते कानाशी हलवून सिद्ध होत नाहीत.

तेव्हा रिव्ह्यूवाल्यांना माझी एक साधी मागणी आहे. एकाच मॉडेलची दोन पिस्तुलं घ्या, एक एका थाऊवर घासलेलं, एक तीन थाऊंवर सोडलेलं, नळी आणि बुशिंग दोन्हींत सारखंच काटेकोर बसवलेलं. माशी-खाच बघून, वाळूच्या पिशवीवर टेकवून, पन्नास यार्डांवर प्रत्येकी पन्नास गोळ्या मारा. मारणाऱ्याला कोणतं कुठलं ते सांगू नका. मग दोन्ही न पुसता, न तेल घालता पाचशे गोळ्या चालवा आणि कोणतं किती वेळा अडतं ते लिहून ठेवा. शेवटी दोन्हींच्या स्लाइड, नळीसकट, अदलाबदल करून बघा, कोणती कुठे चढते. कॅमेरा चालू असू द्या. माइक बंद ठेवला तरी चालेल.